४२.३४ मीटर : लपायचेही होते आणि सापडायचेही होते (थ्रेड)

१/ रेडिओ स्कॅनर स्वतः प्रोग्राम करायला शिकताना पहिला धडा मिळतो तो हा : वारंवारिता ठाऊक असेल तरच आवाज सापडतो. १९४२ साली मुंबईतील काही तरुणांपुढे हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा होता.

२/ ८ ऑगस्टला ‘छोडो भारत’ ठराव झाला. दुसऱ्याच पहाटे नेत्यांची धरपकड झाली, वृत्तपत्रांवर निर्बंध आले. ९ सप्टेंबरला सातारा जिल्ह्यात वडूज येथे मोर्चावर गोळीबार झाला. अशा काळात बातमी देशभर पोहोचवायची कशी?

३/ २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभारला. यंत्र नरिमन प्रिंटर यांनी जुळवले, मार्गदर्शन डॉ. राममनोहर लोहियांचे होते. जमशेदपूरचा संप, आष्टी-चिमूरचे अत्याचार या दडपलेल्या बातम्या येथून ऐकू आल्या.

४/ तरंगलांबी ४२.३४ मीटर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होतात. सह्याद्रीची रांग त्यांना अडवत नाही. म्हणून खंडाळ्यातील संचावरही मुंबईचा आवाज उमटणे तत्त्वतः शक्य होते.

५/ पेच येथेच होता. तरंगलांबी जाहीर केली नाही, तर श्रोता मिळत नाही; केली, तर पोलीसही ऐकतात. वलयाकार अँटेना फिरवली की एका विशिष्ट कोनात आवाज क्षीण होतो आणि प्रक्षेपकाची दिशा कळते. दोन ठिकाणांहून घेतलेल्या दिशा जेथे छेदतात, तेथेच केंद्र! म्हणून घरे सतत बदलली.

६/ तरीही घात झाला तो माणसामुळे. संघातीलच एका तंत्रज्ञाकडून पोलिसांना माग लागला आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेख वाडीत छापा पडला. उषाबेनना ४ वर्षांची शिक्षा झाली, त्यांना येरवड्यात ठेवले गेले. पण चौकशीत त्यांनी तोंड उघडले नाही.

७/ आज ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्‌झ हा हौशी रेडिओचा पट्टा आहे. खंडाळ्यातील एखाद्या विद्यार्थ्याने लघुलहरी पकडणाऱ्या स्कॅनरमध्ये ७.०८० हा आकडा भरला, लोअर साइडबँड निवडला आणि तो स्मृतिकप्प्यात साठवला, तर त्याला परवानाधारक हौशींच्या मोकळ्या गप्पा ऐकू येतील. कधीकाळी याच आकड्यावर बोलणाऱ्यांना तुरुंगात जावे लागले होते.