संगणकाचे मुक्तद्वार

पदवीच्या पातळीवर संगणकशास्त्र शिकवायचे म्हणजे नेमके कोणाला शिकवायचे, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. विज्ञान शाखेतल्या निवडक विद्यार्थ्यांना, हे उत्तर आपण गृहीत धरलेले असते. साहित्याच्या वर्गात तर हा प्रश्न आपला नव्हेच, अशी समजूत असते. म्हणूनच साठ वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाने त्याला दिलेले निराळे उत्तर आम्हांला येथे थोड्या तपशिलाने नोंदवावेसे वाटते.

हे महाविद्यालय म्हणजे अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यात, हॅनोव्हर या लहानशा गावातले डार्टमथ. १७६९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने पुढे विस्तार होऊनही ‘कॉलेज’ हेच नाव टिकवले. १९६०च्या सुमारास तिथले जेमतेम एक चतुर्थांश विद्यार्थी विज्ञान किंवा अभियांत्रिकीकडे जात. बाकीचे साहित्य, इतिहास आणि सामाजिक शास्त्रांकडे वळत. गणित विभागाचे प्रमुख जॉन केमेनी आणि त्यांचे सहकारी टॉमस कर्ट्झ यांच्या विचाराचा आरंभ इथेच होतो. बुडापेस्टहून १९४० मध्ये अमेरिकेत आलेले केमेनी काही काळ आइन्स्टाइन यांचे गणित-सहायक होते, आणि विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावरही त्यांनी लिहिले होते. उद्या शासन आणि उद्योग चालवणारी माणसे बहुतांशी या तीन चतुर्थांशांतून येणार. ज्या यंत्राच्या भरवशावर ती निर्णय घेतील ते त्यांनी कधी हाताळलेच नसेल तर ती त्याविषयी काय ठरवणार, असा त्यांचा प्रश्न होता.

अडचण यंत्राच्या वापराच्या पद्धतीत होती. त्या काळी आज्ञावली छिद्रपत्रांवर उतरवून यंत्रचालकाच्या स्वाधीन करावी लागे आणि निकालासाठी तासन् तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागे. एक स्वल्पविराम चुकला तर पुन्हा तीच प्रतीक्षा. केमेनी आणि कर्ट्झ यांनी यावर ग्रंथालयाचा दाखला दिला. मुक्तद्वार ग्रंथालयात वाचक कपाटापर्यंत स्वतः जातो. पुस्तक का हवे, हे त्याला कोणी विचारत नाही. संगणकही तसाच मोकळा, विनाशुल्क असावा. एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देण्याची कल्पना कर्ट्झ यांना जॉन मॅकार्थी यांनी सुचवली होती. त्या प्रणालीची बरीचशी बांधणी पदवीच्या विद्यार्थ्यांनीच केली. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता नव्या ‘बेसिक’ भाषेतली पहिली आज्ञावली तिथे चालली.

भाषेच्या अभ्यासकांनी या ‘बेसिक’कडे अवश्य पाहावे. तिच्यात सुरुवातीला जेमतेम पंधराएक आज्ञा होत्या, आणि ‘लेट’, ‘प्रिंट’, ‘इफ’, ‘एंड’ हे शब्द रोजच्या इंग्रजीतले होते. यंत्राशी संबंध जोडताना ‘हेलो’ म्हणायचे आणि सोडताना निरोपाचा शब्द. शब्दांची ही निवड म्हणजे कोणाला आत घ्यायचे याविषयीचा निर्णयच होता. आणि या सगळ्यासाठी वेगळा विषयही निर्माण केला नाही. प्रथम वर्षाच्या गणितातच दोन-तीन व्याख्याने दिली जात आणि पुढे विद्यार्थी स्वतः आज्ञावली लिहीत. काही वर्षांतच तिथल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना संगणक वापरता येऊ लागला. मात्र स्वतंत्र संगणकशास्त्र विभाग डार्टमथमध्ये १९९०च्या दशकातच आला. पर्ड्यू विद्यापीठात तो १९६२ मध्येच सुरू झाला होता.

या प्रयोगाचे केवळ कौतुक करून थांबणे योग्य होणार नाही. ‘सर्वांसाठी’ या शब्दातून १९६४ मध्ये स्त्रिया वगळलेल्या होत्या, कारण डार्टमथ तेव्हा पुरुषांचे महाविद्यालय होते. सहशिक्षण आले ते १९७२ मध्ये, केमेनी अध्यक्ष असताना. याउलट आयोवातल्या क्लार्क या स्त्रियांच्या महाविद्यालयात सिस्टर मेरी केनेथ केलर यांनी १९६५ मध्ये डॉक्टरेट मिळवताच स्वतंत्र विभाग उभा केला आणि वीस वर्षे चालवला. म्हणजे स्वतंत्र विभाग हे नेहमीच बंद दार असते असे नाही. ज्यांना अन्यत्र प्रवेश नाही त्यांच्यासाठी तेच दार ठरू शकते. दुसरा आक्षेप ज्ञानशाखेच्या आतून आला. ‘बेसिक’ शिकलेल्या विद्यार्थ्यांना पुढे चांगले आज्ञावलीलेखन शिकवणे जवळजवळ अशक्य होते, असे एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये कठोर शब्दांत बजावले. सुलभतेने विचारातली शिस्त मोडते, ही ती भीती. सोप्या भाषेत समीक्षा लिहिली की ती उथळ होते का, या आपल्याकडच्या जुन्या वादाशी तिचे नाते उघड आहे.

तरीही मोकळ्या दाराची फळे अनपेक्षित ठिकाणी लागतात. १९८०च्या दशकात दान्तेचे अभ्यासक रॉबर्ट हॉलंडर यांच्या कल्पनेतून ‘डिव्हाइन कॉमेडी’वरच्या, काही शतकांत लिहिल्या गेलेल्या टीकांचा शोधता येईल असा संग्रह उभा राहिला. हॉलंडर प्रिन्स्टनचे, पण प्रकल्प रुजला तो डार्टमथमध्ये.

‘बेसिक’ आपल्याकडेही आली. १९८४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले, आणि त्यांची भाषा ‘बेसिक’च होती. यंत्र आणि भाषा आली. ज्या शैक्षणिक विचारातून ती भाषा जन्मली तो विचार मात्र शाखांच्या भिंतींपाशी अडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला शाखेच्या विद्यार्थ्याला अन्य शाखेतला विषय घेण्याची मुभा दिली आहे. त्या मुभेत मराठीच्या विद्यार्थ्याने केवळ टंकलेखन शिकायचे, की ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांची तुलना करणारी आज्ञावली स्वतः लिहायची, हे अभ्यासक्रम आखणाऱ्यांना ठरवावे लागेल. आमच्या मते त्या मंडळात साहित्याच्या शिक्षकांनी आग्रहाने बसले पाहिजे. डार्टमथच्या प्रयोगात पुढाकार गणितज्ञांचा होता. आपल्याकडे तो भाषेच्या बाजूने येण्यास काहीच हरकत नाही.