सागरी ससाणा : नौदलाचे पहिले जेट

दाबोळीहून बोगमाळोकडे जाताना नौदलाचे विमानसंग्रहालय लागते. तेथे ठेवलेले ‘सी हॉक’ आज लहानखुरे वाटते. परंतु आपल्या नौदलाचे पहिले जेट लढाऊ विमान ते हेच.

इंग्लंडातील हॉकर कंपनीच्या या विमानाचा पहिला नमुना १९४७ च्या सप्टेंबरात उडाला. त्याच्या रचनेत एक खुबी होती. इंजिनाचा तप्त झोत शेपटीपर्यंत न नेता तो दोन नळांत विभागून पंखांच्या मुळाशी दोहों अंगांस सोडला होता. त्यामुळे मागील धडात इंधनासाठी जागा मोकळी राहिली. समुद्रावर उडणाऱ्या विमानास इंधनाचे मोल काय, हे सांगावयास नको. चार तोफा, पंखांखाली बाँब वा अग्निबाण, नौकेच्या पोटात मावावे म्हणून दुमडणारे पंख आणि उतरताना डेकवरील तारेस अडकणारा शेपटीचा आकडा, असा त्याचा सरंजाम होता.

१९६० साली वेल्समधील ब्रॉडी येथे आपले ३०० क्रमांकाचे पथक उभे राहिले व १९६१ मध्ये ते ‘विक्रांत’वर रुजू झाले. त्याच वर्षी गोवामुक्तीच्या वेळी ‘विक्रांत’ किनाऱ्यापासून दूर पहाऱ्यावर होती. दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले ते मात्र वायुदलाच्या कॅनबेरांनी. पुढे हीच दाबोळी सी हॉकचे घर झाली. १९६५ च्या युद्धात ‘विक्रांत’ दुरुस्तीसाठी गोदीत अडकून पडली, आणि नौदलास ते शल्य दीर्घकाळ बोचत राहिले.

१९७१ साली तिच्या एका बाष्पकास तडा गेलेला, वेगावर मर्यादा आलेली. तशाही स्थितीत ४ डिसेंबरला सकाळी आठ सी हॉकांनी कॉक्स बाजारवर झडप घातली. त्याच दिवशी चितगाव बंदरावरही मारा झाला. पुढील दिवसांत खुलना, मोंगला येथील नौकानयन ठप्प झाले. खरे सांगावयाचे तर हे विमान तोवर जुनाट झाले होते. शत्रूच्या सेबर विमानांशी आकाशात गाठ पडती, तर निभाव लागणे कठीण होते. परंतु वायुदलाने डाक्क्याची धावपट्टी फोडून तो धोका थोड्याच दिवसांत दूर केला. म्हणून या यशाचे श्रेय एकट्या नौदलास देणे न्याय्य नव्हे.

१९८३ च्या अखेरीस सी हॅरियर दाबोळीस आले आणि सी हॉक निवृत्त झाले. त्याच ३०० क्रमांकाच्या पथकास २०१६ साली मिग-२९ के मिळाले.