अब्बांची फियाट

बीडला आमच्या अंगणात अब्बांची फियाट अकराशे सुटी होऊन पडली आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात ती घडली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. दिसायला घरंदाज, पण आयातीवर कडक बंधने असलेल्या त्या काळात शौकिनांनी हिलाच शर्यतीची गाडी केली. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर ती पळे. हिची धाकटी बहीण पद्मिनी २०२३ साली मुंबईच्या टॅक्सीतळावरूनही गेली.

इंजिन नव्याने बांधायला माझी हरकत नाही. उजव्या मडगार्डावरचा पोचा मात्र अब्बांच्या हातचा. मिस्त्रीचाचा म्हणतात, "बेटा, गंज आतून खातोय. पत्रा कापावा लागेल." मी सोमवारपर्यंतची मुदत मागितली आहे.