रक्तपेशीच्या वेशीवरची खूण

मराठवाड्यांतील जुन्या गांवांना वेस असे. दिवसां ती उघडी, रात्रीं बंद, आणि परक्याची ओळख पटल्यावांचून त्यास आंत घेत नसत. सजीव शरीराचा लहानांत लहान घटक जी पेशी, तिलाहि अशीच एक वेस असते. तिला पेशीपटल म्हणतात. कैरीच्या फोडींना मीठ चोळलें म्हणजे पाणी सुटतें, आणि पाण्यांत टाकलेले बेदाणे फुगतात, हें प्रत्येक गृहिणी जाणते. पाणी पटलांतून सहज ये-जा करतें, मीठ व साखर मात्र तितक्या सुलभतेनें जात नाहींत, हेंच त्याचें कारण.

ह्या पटलाची रचना शोधण्यास रक्तांतील तांबडी पेशीच उपयोगी पडली. १९२५ सालीं हॉलंडांतील गोर्टर व ग्रेंडेल ह्या संशोधकांनीं तांबड्या पेशींतील मेदद्रव्य वेगळें काढून पाण्यावर पसरलें. त्याचें क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारें दुप्पट भरलें, त्यावरून पटल मेदाच्या दोन थरांचें असावें असें त्यांनीं ठरविलें. त्यांच्या मापनांत दोन चुका होत्या. मेद पुरता निघाला नव्हता आणि पेशीचें क्षेत्रफळहि कमी धरलें होतें. परंतु ह्या चुकांनीं एकमेकींस छेद दिला आणि निष्कर्ष खरा ठरला. पुढें १९७२ सालीं सिंगर व निकोलसन ह्यांनीं दाखविलें कीं, मेदाचे हे थर ताठ भिंतीसारखे नसून प्रवाही असतात, व त्यांत प्रथिनें तरंगत असतात. कांहीं प्रथिनें दरवाज्याचें काम करतात. पाण्याचा असा दरवाजा पीटर ॲग्रे ह्यांस तांबड्या पेशींतच सांपडला, व त्याबद्दल २००३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

परंतु वेशीवर दरवाज्याखेरीज ओळखीची खूणहि असते. पटलाच्या बाह्य अंगास शर्करेचे बारीक तुरे असतात. १९०१ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल लँडस्टायनर ह्यांनीं रक्तगट दाखवून दिले, ते वस्तुतः ह्या तुऱ्यांचेच भेद होत. सर्वांच्या मुळाशीं ‘एच्’ नांवाची खूण असते. तिच्यावर एक शर्करा चढली तर ए गट, दुसरी चढली तर बी गट, आणि कांहींच न चढलें तर ओ गट.

ह्या नियमास अपवाद सांपडला तो महाराष्ट्राच्या राजधानींत. मुंबईतील डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया ह्यांनीं लंडनच्या संशोधकांसह १९५२ सालीं ‘लॅन्सेट’ नियतकालिकांत एका विलक्षण रक्ताची हकीगत प्रसिद्ध केली. तें रक्त नेहमींच्या कसोटीस ओ गटाचें दिसे, तथापि त्या व्यक्तींच्या रक्तरसांत ओ गटाच्या पेशींचीहि गुठळी होई. कारण त्यांच्या पेशींवर मूळची एच् खूणच नव्हती. पायाच नसल्यावर इमारत कशी चढणार? ए किंवा बी गटाचा वारसा असला तरी तो प्रगट होऊं शकत नाहीं. ह्या प्रकारास जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट हें नांव मिळालें.

युरोपांत हा गट सुमारें दहा लाखांत एकाचा, तर भारतांत सुमारें दहा हजारांत एकाचा मानतात. आई व बाप दोघांकडूनहि हा दोष आला तरच तो दिसतो. म्हणून जवळच्या नात्यांतील विवाहांत त्याचा संभव वाढतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. ह्या गटाच्या मातेच्या वा पित्याच्या ठायीं बी गट लपलेला असूं शकतो. मग वरवर दोघेहि ओ गटाचे दिसत असतां मूल बी गटाचें निपजतें. अज्ञानानें अशा प्रसंगीं एखाद्या निर्दोष स्त्रीच्या शीलाविषयीं संशय घेतला जाऊं शकतो. वस्तुतः दोष असतो तो अपुऱ्या तपासणीचा.

प्राणावर बेतणारा धोका वेगळाच. ओ गट सर्वांस चालतो, ही समजूत घरोघरीं रुजलेली आहे. बॉम्बे गटाच्या रुग्णास मात्र ओ गटाचें रक्त घातक ठरतें. त्यास त्याच गटाचा दाता हवा. रुग्णाचा रक्तरस ओ पेशींवर घालून पाहिला, म्हणजे हा भेद उघड होतो. म्हणूनच रक्त चढविण्यापूर्वीं दाता व रुग्ण ह्यांच्या रक्ताचा मेळ पाहण्याची पद्धत आहे. घाई कितीहि असो, ती पायरी वगळूं नये. लातूर जिल्ह्यांतील जळकोटसारख्या तालुक्याच्या गांवीं अडलेल्या बाळंतिणीस रक्त हवें झालें, तर अशा दात्याचा शोध त्याच क्षणीं आरंभून काय उपयोग? ज्याचा हा गट एकदां निश्चित झाला, त्यानें तशी नोंद जवळ बाळगावी व सख्ख्या भावंडांचेंहि रक्त तपासून घ्यावें. कारण त्यांच्यापैकीं प्रत्येकास हाच गट असण्याचा संभव सामान्यतः चारांत एक, म्हणजे परक्या माणसाहून कितीतरी अधिक असतो. संकटकाळीं हवा असलेला दाता पुष्कळदां त्याच घरच्या ओसरीवर बसलेला असतो.