स्थानबद्धांची मुक्तता आणि पार्लमेंटचा अंकुश

राज्यकर्त्यानें माणसास अटकेंत टाकिलें म्हणजे त्याजकडे कारण मागण्याची वहिवाट जुनी आहे; परंतु त्यानें त्यास मोकळें केलें तर कारण मागावें कीं काय, याचा विचार विरळाच झालेला दिसतो. इंग्लंडांतील सर ऑस्वल्ड मोस्ले यांच्या मुक्ततेचें प्रकरण या दृष्टीनें अभ्यसनीय आहे.

सप्टेंबर १९३९ मध्यें तेथें संरक्षणनियम १८ ब अंमलांत आला. खटल्यावांचून माणसास स्थानबद्ध करण्याचा अधिकार त्यानें गृहमंत्र्यास मिळाला. मूळ नियमांत मंत्र्याची खात्री तेवढी पुरेशी होती. ३१ ऑक्टोबर रोजीं कॉमन्स सभेंत आक्षेप निघाल्यावर ‘सयुक्तिक कारण’ असावें, अशी सुधारणा करणें भाग पडलें. शिवाय स्थानबद्धांची संख्या आणि सल्लागार समितीचा अभिप्राय मंत्र्यानें किती वेळां अव्हेरिला, याचा अहवाल दरमहा पार्लमेंटपुढें ठेवण्याचें बंधन होतें. नोव्हेंबर १९४१ मध्यें लिव्हर्सिज प्रकरणीं लॉर्डांच्या न्यायासनानें मंत्र्याच्या कारणांची छाननी करण्याचें नाकारिलें. लॉर्ड ॲटकिन एकटेच विरुद्ध मताचे निघाले. तेव्हां खरा अंकुश उरला तो सभेचा.

फॅसिस्ट पुढारी मोस्ले मे १९४० पासून अटकेंत होते. पायाच्या शिरेचा दाह बळावल्यामुळें गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनीं त्यांस २० नोव्हेंबर १९४३ रोजीं निर्बंध घालून सोडिलें. यास सभेची पूर्वसंमति लागत नव्हती. तथापि लोकक्षोभ उसळला, आणि २३ तारखेस मंत्र्यांस वैद्यांच्या अभिप्रायाचा आधार सभेपुढें मांडावा लागला. १ डिसेंबर रोजीं राजाच्या भाषणावरील उत्तरास खेददर्शक दुरुस्ती आली. तिच्या बाजूस ६२ व विरुद्ध ३२७ मतें पडलीं.

यांतील मर्म असें कीं, सोडण्याचा अधिकार सभेनें स्वतःकडे घेतला नाहीं. घेतला असता तर रोग्याची सुटका जमावाच्या कोलाहलावर अवलंबून राहिली असती. परंतु मंत्र्यांस मौनही धरूं दिलें नाहीं. उंबरठ्यावरील दिवा आंत-बाहेर दोन्हीकडे उजेड पाडतो, त्या देहलीदीपन्यायानें कैद आणि मुक्तता या दोहोंवर एकाच चौकशीचा प्रकाश पडला.

त्याच सालीं आपल्याकडे काय घडलें, हें ताडून पाहण्याजोगें आहे. मुंबईचे स्थानबद्ध केशव तळपदे यांच्या प्रकरणीं फेडरल कोर्टानें भारतसंरक्षण नियमांपैकीं २६ वा नियम एप्रिल १९४३ मध्यें अधिकारबाह्य ठरविला. त्याच महिन्यांत गव्हर्नर-जनरलांनीं वटहुकुमानें तो सांवरून घेतला. मुंबईंत तर मंत्रिमंडळानें नोव्हेंबर १९३९ मध्यें राजीनामा दिल्यापासून कारभार गव्हर्नरांच्या हातीं होता. प्रांतिक सरकारास जाब विचारणारी सभाच बसत नव्हती.

जेथें सभा विचारते तेथें मंत्र्याचें कारण दप्तरांत उतरतें, आणि तेंच पुढें इतिहासाचें साधन होतें. म्हणून संग्राहकांनीं कैदेच्या हुकुमाइतकाच सुटकेचा कागदही जपून ठेवावा.