बिस्किट : शब्द एक, अर्थ अनेक

सुरत म्हटले, की मराठी वाचकाला शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. खवय्यांना मात्र हे शहर नानखटाई आणि बटाशांसाठी ठाऊक आहे. या दोन्ही पदार्थांना आज आपण सरसकट ‘बिस्किट’ म्हणतो. परंतु या शब्दाचा अर्थ देशागणिक आणि व्यवसायागणिक बदलतो.

लॅटिनमध्ये ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कोक्टस’ म्हणजे शिजविलेले. त्यांच्या जोडीपासून बनलेला हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. पोर्तुगीज ‘बिस्कोइतो’चे मूळही हेच. एकदा भाजलेला पाव पुन्हा मंद आचेवर वाळविला, की त्यातील ओलावा जाऊन तो दीर्घकाळ टिकतो. म्हणूनच लांबच्या सफरीवरील खलाशांचे ते मुख्य अन्न होते.

सतराव्या शतकाच्या आरंभी डचांनी सुरतेत वखार घातली. वखारीसाठी पारशी कामगार पाव भाजत आणि डच निघून गेल्यावर त्यांची भट्टी दोटीवाला कुटुंबाकडे आली, अशी परंपरागत हकिकत आहे. पीठ आंबविण्यासाठी ताडी वापरली जाई. गोव्यातील पोदेर माडाची सूर वापरीत, तसेच हे. उरलेला पाव वाळून कुरकुरीत होई. त्यालाच मागणी येऊ लागल्यावर तो मुद्दाम वाळवून विकला जाऊ लागला आणि त्यातून बटासा जन्मला, असे सांगतात. म्हणजे मूळ अर्थाने खरे बिस्किट बटासाच होय. नानखटाई एकदाच भाजली जाते.

इंग्लंडमध्ये बिस्किट म्हणजे आपल्या परिचयाचा कडक, चपटा पदार्थ. अमेरिकेत मात्र ते बेकिंग पावडरने फुगविलेल्या मऊ, अगोड, छोट्या पावाचे नाव आहे. हा पाव लोण्याबरोबर किंवा दाट रश्शाबरोबर खातात. आपल्या गोड बिस्किटाला तेथे ‘कुकी’ म्हणतात आणि हा शब्द अमेरिकेत वसलेल्या डचांच्या भाषेतून आला आहे. सुरतेला भट्टी देणाऱ्यांनीच अमेरिकेला हा शब्द दिला!

स्वयंपाकघराबाहेरही या शब्दाचा संचार आहे. झिलई देण्यापूर्वी एकदाच भाजलेल्या चिनी मातीच्या भांड्यालाही ‘बिस्किट’ म्हणतात; येथे ‘दोनदा’ हा अर्थ पुरता हरवला आहे. कापडाच्या दुकानात ‘बिस्किटी’ हा रंग असतो, तर विमानतळावरील तस्करीच्या बातमीत बिस्किटे सोन्याची असतात.

महाराष्ट्रात एकेकाळी या शब्दाला धर्मभयाचीही छटा होती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील कार्यक्रमात पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. त्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. ज्या पदार्थाने तेव्हा बहिष्काराची वेळ आणली, तोच आज घरोघरी चहाबरोबर पाहुण्यांपुढे ठेवला जातो.

भाषांतरकाराने आणि पाककृती वाचणाऱ्यानेही म्हणून सावध असावे. अमेरिकी पाककृतीतील ‘बिस्किट’ वाचून कोणी रश्शात पुड्यातील बिस्किटे सोडली, तर दोष कोशाचा नव्हे. शब्द कोणाच्या तोंडचा आणि कोठला, हे आधी पाहावे लागते.