कानांनी फिरायची बाग

इंग्लंडच्या सरे परगण्यातील ऑक्स्टेड येथे १९ मे १९२४ च्या रात्री चेलोवादक बिॲट्रिस हॅरिसन घराजवळच्या बागेत वाद्य घेऊन बसल्या. बीबीसीच्या तंत्रज्ञांनी झाडीत मायक्रोफोन लावला होता. बराच वेळ काहीच घडले नाही. मग चेलोच्या सुरांना उत्तर द्यावे तसे नाइटिंगेलचे कूजन सुरू झाले आणि घरोघरच्या रेडिओवर ते ऐकू आले. श्रोत्यांची पत्रे अक्षरशः हजारोंनी आली. त्या रात्री गायला तो पक्षी नसून पक्ष्यांची नक्कल करणारी एखादी व्यक्ती असावी, असा संशय २०२२ मध्ये व्यक्त झाला. संशय खरा असला, तरी त्या पत्रांचे मोल कमी होत नाही. बागेत पाऊल न ठेवताही बाग अनुभवता येते, हे श्रोत्यांना त्या रात्री कळले होते.

ती बाग खासगी होती. सार्वजनिक उद्यानांतील श्राव्य कथनाचा दुसरा धागा वस्तुसंग्रहालयांकडून येतो. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने १९५२ मध्ये प्रेक्षकांच्या हाती छोटे रेडिओ संच देऊन चित्रांची माहिती ऐकवली. प्रक्षेपण एकच असल्याने सगळे प्रेक्षक एकाच वेळी एका चित्रापुढून दुसऱ्यापुढे सरकत. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि वेग ज्याचा त्याचा आहे. पण पाटीवरचा मजकूर वाचून दाखवण्याची तेव्हाची खोड मात्र गेलेली नाही. झाडाचे शास्त्रीय नाव, कुळ, मूळ देश ही माहिती डोळ्यांना उपयोगाची असते. कानांवर पडलेले लॅटिन नाव पुढच्या वळणापर्यंतही टिकत नाही.

म्हणून अशा कथनाच्या कर्त्याने पहिला प्रश्न स्वतःला विचारावा तो हा, की ऐकणारा बागेत उभा आहे, की तो तिथे कधीच येणार नाही? दोघांसाठी एकच ध्वनिमुद्रण करण्याचा मोह बहुतेक संस्थांना होतो आणि तिथेच काम फसते. बागेतल्या माणसाला समोरच्या झाडाचे वर्णन नको असते, ते त्याला दिसतच असते. घरी ऐकणाऱ्याला ‘डावीकडे वळा’ या सूचनेचा काय उपयोग?

बागेत उभ्या असलेल्या श्रोत्यासाठी झालेले एक फार सुंदर काम म्हणजे कॅनडाच्या कलावंत जॅनेट कार्डिफ यांची ‘हर लाँग ब्लॅक हेअर’ ही २००४ मधील ध्वनिसफर. न्यूयॉर्कच्या ८४३ एकरांच्या सेंट्रल पार्कमध्ये ती घडे. उद्यानाच्या दक्षिण टोकाला श्रोत्याला सीडी वाजवणारा छोटा संच आणि छायाचित्रांचे एक पाकीट मिळे. कानात कार्डिफ यांचा आवाज: माझ्या पावलांशी पावले जुळवा, आता अमुक छायाचित्र काढा, समोर धरा. छायाचित्रातली लांब काळ्या केसांची स्त्री पूर्वी कधीतरी याच जागी उभी होती. ती कोण, हे कोडे सोडवत श्रोता वाटा तुडवी. दोन्ही कानांच्या जागी दोन मायक्रोफोन ठेवून उद्यानातच ध्वनिमुद्रण केलेले होते. आवाज एका कानी दुसऱ्यापेक्षा क्षणाच्या अंशाने आधी पोहोचतो आणि त्या फरकावरून मेंदू डावी-उजवी दिशा ठरवतो, म्हणून बाजूने येणारी पावले खरोखर बाजूनेच आल्यासारखी वाटत. घोडागाडीची टापटाप ध्वनिमुद्रणातली की समोरच्या रस्त्यावरची, हे कळेनासे होई. झाडांची माहिती त्यात फारशी नाही. पण ती सफर केलेला माणूस त्या वाटा विसरेल असे वाटत नाही.

त्याच उद्यानात सप्टेंबर २०२० मध्ये, साथीमुळे संगीतसभागृहे बंद असताना, एलेन रीड या संगीतकार स्त्रीने ‘साउंडवॉक’ सुरू केले. फोन चालणाऱ्याची जागा उपग्रहांच्या साह्याने ओळखतो आणि त्या जागेसाठी रचलेले संगीत वाजवतो. वाट बदलली की संगीतही बदलते. पुढे इतर शहरांतील उद्यानांसाठीही अशा रचना झाल्या. या तंत्राची एक अडचण आहे. दाट झाडीखाली जागेचा अंदाज काही मीटरने चुकू शकतो, त्यामुळे एकेका झाडाऐवजी बऱ्यापैकी मोठ्या टापूशी आवाज बांधावा लागतो. शिवाय कानात सतत काही वाजत राहिले, तर खरा कोकीळ ऐकायचा कोणी? चांगल्या कथनात निवेदक मध्येच थांबतो आणि हेडफोन काढायला सांगतो.

बागेत न येणाऱ्यांसाठीची कला वेगळी आहे. मराठी श्रोत्याला ती नवी नाही, आकाशवाणीच्या श्रुतिकांनी आपल्याला ती शिकवली आहे. दिवाणखाना दाखवायला तिथे दाराची कडी पुरे होई. बाग दाखवायला वाळल्या पानांवरची पावले, झारीचे पाणी आणि माळ्याचा आवाज लागतो. अंध श्रोत्यासाठी रंगांची यादी न देता खोडाचा स्पर्श, पानांचा वास आणि सावलीत शिरताना लागणारा गारवा सांगावा. ब्रुकलिनच्या वनस्पती उद्यानाने १९५५ मध्ये दृष्टिहीनांसाठी सुगंधी बाग केली, ती याच जाणिवेतून.

मुंबईत या कलेला सर्वांत योग्य जागा भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ते १८६२ मध्ये खुले झाले. तिथल्या सुमारे तीन हजार झाडांत २८६ जाती नोंदल्या गेल्या आहेत. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी तिथे आहे, कैलासपती आहे, आफ्रिकेची गोरखचिंच आहे. २०१७ पासून मात्र गर्दी थेट पेंग्विनकडे जाते आणि झाडे वाटेतच राहतात. वारसा म्हणून ही झाडे जपावीत यासाठी नागरिकांना मोहीम चालवावी लागली होती. झाडाची ओळखच नसेल, तर ते तुटताना हळहळणार कोण?

आणि गोष्टींना तोटा नाही. शेजारच्या भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ म्हटले, तोच हा. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारीने दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे इथे आणून १९१४ मध्ये जोडण्यात आले. साखळीचा करकराट, एक धाडकन आवाज आणि त्यानंतरची शांतता: श्रुतिकेला आणखी काय हवे?

गोरखचिंचेची गोष्ट तर फक्त कानांनीच सांगता येईल. तिची मोठी पांढरी फुले अंधार पडू लागला की उमलतात आणि त्यांचे परागीभवन वटवाघळे करतात. बागेचे दरवाजे संध्याकाळी बंद होतात. एरवी तिकीट काढून आत गेलेल्यांनाही दिसतात ती सकाळी झाडाखाली पडलेली, कडा तपकिरी झालेली फुले.